काच निववण्याची विद्या

काचेच्या एक दिवसाच्या कार्यशाळेत आपण ज्योतीवर मणी बनवतो, पण तो त्याच संध्याकाळी घरी नेता येत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जा, असं सांगतात, नाहीतर कुरिअरने पाठवतात. नवख्याला ही उगाचची लांबण वाटते. मणी तर दहा-पंधरा मिनिटांत झाला होता. मग रात्रभर त्याचं काय चाललेलं असतं? तो छोट्या विजेच्या भट्टीत निवत पडलेला असतो. साध्या काचेला ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही वेळ थांबवतात आणि तिथून ठरवलेल्या गतीने खाली उतरवतात. या टप्प्याला अनीलिंग म्हणतात. काचकामाच्या कुठल्याही प्रकारात हातात घ्यायच्या हत्यारांआधी हा एक टप्पा समजून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे, कारण पुढची बहुतेक रडगाणी इथूनच सुरू होतात. ‘काल छान होतं, आज आपोआप तडकलं’ हे त्यातलं सगळ्यांत नेहमीचं.

काच गोठते ती बर्फासारखी नव्हे. पाण्याला शून्य अंश ही ठरलेली रेषा आहे. अलीकडे बर्फ, पलीकडे पाणी. काचेला अशी रेषा नाही. साखरेच्या पाकासारखं तिचं वागणं असतं: गरम असताना पातळ, मग तारेवर येणारी, मग ओढून धरणारी, मग कडक, आणि या अवस्थांच्या मधे कुठेही भिंत नाही. वाळूतलं सिलिका एकटंच वितळवायचं तर १७०० अंशांच्या घरात जावं लागतं. त्यात सोडा घातला की हे तापमान बरंच खाली येतं, पण अशी काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना घालून तिला टिकाऊ करतात. खिडकी, बरणी, बांगडी या सगळ्या याच सोडा-चुन्याच्या काचेच्या.

आता तापलेला गोळा हवेत ठेवला तर काय होतं ते पाहा. बाहेरचा थर आधी थंड होऊन ताठर होतो. आतला भाग अजून मऊ आणि गरम असतो. तोही यथावकाश थंड होतो आणि आकसू पाहतो, पण बाहेरचं कवच आता हलायला तयार नसतं. आतला भाग कवचाला आत ओढत राहतो आणि ही ओढाताण काचेत कायमची अडकून बसते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. वस्तू महिनाभर शेल्फवर नीट उभी राहते आणि एका थंड सकाळी दुभंगते.

ही अडकलेली ओढाताण किती प्रचंड असू शकते, याचं जुनं उदाहरण म्हणजे प्रिन्स रुपर्टचे थेंब. वितळलेल्या काचेचा थेंब थेट पाण्यात टाकला की शेपटीवाला, बेडकाच्या पिल्लासारख्या आकाराचा मणी तयार होतो. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो सहसा फुटत नाही. शेपटीचं टोक मात्र नुसतं मोडलं की सगळा थेंब क्षणात भुगा होतो. प्रिन्स रुपर्टने १६६० साली हे थेंब इंग्लंडात आणले आणि रॉयल सोसायटीच्या मंडळींनी त्यांच्यावर प्रयोग केले. कारणाचा नीट उलगडा व्हायला मात्र फार काळ गेला. पर्ड्यू विद्यापीठातले श्रीनिवासन चंद्रशेखर आणि केंब्रिजमधले मुनव्वर चौधरी यांनी १९९४ साली अतिवेगवान छायाचित्रणातून दाखवलं की शेपटीकडून निघालेला तडा थेंबातून सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने धावतो. मोटारीच्या खिडकीची टफन्ड काच फुटल्यावर रस्त्यावर खड्यांचा सडा पडतो, त्यामागे हीच गोष्ट आहे. तिथे ताण मुद्दाम, हिशोबाने भरलेला असतो. आपल्या मण्यात तो नको असतो.

ताण डोळ्यांना दिसत नाही असं वर म्हटलं, पण तो दाखवता येतो, आणि तेही घरात. एलसीडी मॉनिटरवर कोरं पांढरं पान उघडा. त्यातून येणारा प्रकाश ध्रुवीकृत असतो. पोलरॉइड गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा काळा पडेल. तो कोन तसाच ठेवून मधे प्लास्टिकची पारदर्शक फूटपट्टी धरा, तिच्यात इंद्रधनुषी पट्टे उमटतील. नीट न निवलेली काच धरली तर काळ्या पडद्यावर ती ठिकठिकाणी उजळते. काचकाम करणारे लोक ‘पोलॅरिस्कोप’ म्हणून जे उपकरण वापरतात, ते मुळात एवढंच आहे: ध्रुवीकरणाच्या दोन पट्ट्या आणि एक दिवा.

निवायला किती वेळ द्यायचा हे जाडीवर ठरतं, आणि इथे साधी त्रैराशिकं कामाची नाहीत. जाडी दुप्पट झाली तर वेळ साधारण चौपट लागतो. बोटाएवढ्या मण्याला काही तास पुरतात; हातभर जाडीच्या ओतीव शिल्पाला आठवडे लागतात. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी २०० इंच, म्हणजे पाच मीटरहून जास्त व्यासाची पायरेक्सची चकती कॉर्निंगच्या कारखान्यात डिसेंबर १९३४ मध्ये ओतली गेली आणि तिला निवायला सुमारे दहा महिने दिले गेले. मधे १९३५ च्या उन्हाळ्यात गावात पूर आला, वीज बंद करावी लागली आणि सगळ्यांचे प्राण कंठाशी आले. चकती वाचली. आजही ती कॅलिफोर्नियात आकाशाकडे तोंड करून बसलेली आहे.

दुसरी अडचण याच कुळातली. दोन वेगळ्या काचा वितळवून जोडल्या की दिसायला त्या एकजीव होतात, पण थंड होताना प्रत्येकीचं आकसण्याचं प्रमाण वेगळं असतं. काचेच्या कांड्यांवर आणि तावांवर ९०, ९६, १०४ असे आकडे लिहिलेले असतात ते याच प्रमाणाचे. इटालियन मऊ कांडी १०४ ची, फ्यूजिंगसाठीचा एक प्रचलित ताव ९० चा, प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच ३३ ची. १०४ आणि ९० हे आकडे ऐकायला जवळचे वाटतात. हिशोब केला तर दहा सेंटिमीटर लांबीचा तुकडा ५०० अंश खाली येताना दोघींच्या आकसण्यात साधारण ०.०७ मिलिमीटरचा फरक पडतो. माणसाच्या एका केसाची जाडी. एवढा फरक काच फोडायला पुरेसा असतो. बिअरची हिरवी बाटली आणि सरबताची निळी बाटली एकत्र वितळवून बशी करू पाहणाऱ्यांनी हा केस आठवावा. एकच बाटली आडवी ठेवून भट्टीत चपटी करणं सुखरूप जमतं, कारण ती सगळी स्वतःचीच काच असते.

एवढं कळलं की मग तंत्र निवडायचं. आपल्याकडे ‘ग्लास पेंटिंग’च्या नावाखाली ट्यूबमधल्या काळ्या रंगाने कडा काढून आत पारदर्शक रंग भरायचे वर्ग उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लोगल्ली निघतात. त्यात वाईट काही नाही, पण त्यात काच शिकली जात नाही. काचेच्या जागी अ‍ॅक्रिलिकचा ताव असता तरी काही बिघडलं नसतं. काचेच्या स्वभावाशी पहिली गाठ पडते ती कापताना.

काच कापतात असं आपण म्हणतो खरं, पण ती कापली जात नाही. फ्रेमवाल्याच्या हातातला हिरा, किंवा आता सर्रास वापरतात ते टंगस्टन कार्बाइडचं बारीक चाक, काचेच्या पृष्ठभागावर फक्त एक ओरखडा काढतं. त्या ओरखड्याखाली सूक्ष्म फट तयार होते. मग ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून काच किंचित वाकवली की फट खालपर्यंत धावते. सगळं कसब दाबात आणि कानात आहे. दाब बरोबर असेल तर चाकाचा एकसारखा बारीक आवाज येतो. किरकिर झाली आणि रेषेवर पांढरी भुकटी उडाली तर दाब जास्त झाला. एकाच रेषेवरून दुसऱ्यांदा चाक फिरवायचं नाही, त्याने काच वाकडी फुटते आणि चाकाचीही धार जाते. फार खोल आत वळणारी रेघ एका दमात निघत नाही. ती टप्प्याटप्प्याने, फाका काढत गाठावी लागते. ओरखडा काढल्यावर काच लगेच तोडावी, ठेवून देऊ नये. हे सगळं शिकायला भट्टी लागत नाही, ज्योत लागत नाही. काचेच्या दुकानातले कातरण तुकडे, जे नाहीतरी भंगारात जातात, ते मागून आणले की महिनाभराचा सराव होतो. जाड हातमोजे मात्र नकोत, बोटांना काच कळत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच हवा. आणि कडा घासायच्या तर ओल्या घासायच्या, कारण काचेची कोरडी धूळ श्वासातून आत जाणं घातक असतं.

कापता यायला लागलं की स्टेन्ड ग्लासचं दार उघडतं. मुंबईकराला याचे उत्तम नमुने शहरातच पाहायला मिळतात. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या खिडक्या इंग्लंडमधल्या विल्यम वेल्सच्या कार्यशाळेतून आल्या. राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला, आणि त्याच्याखालच्या विद्यापीठ ग्रंथालयातल्या रंगीत खिडक्यांचं २०१३ ते २०१५ या काळात इमारतीच्या जीर्णोद्धाराबरोबर काम झालं. अशा खिडक्या जवळून पाहिल्या की लक्षात येतं, चित्र काचेवर काढलेलं नाही. रंगीत काचांचे तुकडेच चित्र आहेत. चेहरे, घड्या, बोटं यांच्या रेषा तेवढ्या काचेच्या भुकटीच्या काळपट रंगाने काढून भट्टीत ६५० अंशांच्या आसपास भाजलेल्या असतात. पिवळा रंग कित्येकदा चांदीचा असतो. चांदीचं संयुग काचेच्या मागच्या बाजूला लावून भाजलं की ते काचेत शिरून तिला लिंबापासून केशरापर्यंतची छटा देतं. युरोपात ही युक्ती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली.

तुकडे एकमेकांना जोडतात ते शिशाच्या खाचदार पट्ट्यांनी. त्यांचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो आणि दोन्ही खाचांत काच बसते. मधल्या कण्याला जाडी असते, म्हणून नक्षीचा कागद कापतानाच तेवढी फट सोडावी लागते. त्यासाठी तीन पात्यांची खास कात्री मिळते, जी दोन तुकड्यांमधून कागदाची बारीक पट्टीच काढून टाकते. नवखा ही फट विसरतो आणि शेवटचा तुकडा बसत नाही. पट्ट्यांचे सांधे झाळायचे, मग जवसाचं तेल आणि खडूची भुकटी यांचं लुकण फटींत भरायचं, म्हणजे पाऊस आत येत नाही. शिसं मऊ असतं. शंभर वर्षांच्या उन्हातान्हात, स्वतःच्याच वजनाने खिडक्यांना फुगवटा येतो आणि मग सगळं उकलून नव्या शिशात बसवावं लागतं. जुन्या चर्चमधल्या काचा खालच्या बाजूला जाड दिसतात म्हणून ‘काच हळूहळू वाहते’ असं सांगणारे लोक भेटतील. ते ऐकून सोडून द्यावं. त्या काळचे ताव मुळातच असमान जाडीचे होत.

दिव्याच्या शेडसारखी गोलाईची कामं शिशाच्या पट्टीने जमत नाहीत. त्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या कडेला चिकट तांब्याची पातळ फीत गुंडाळतात आणि फितीवर कथील-शिशाचं सोल्डर ओतून तुकडे झाळतात. न्यूयॉर्कच्या टिफनी स्टुडिओने हे तंत्र जगभर पोचवलं. त्या दिव्यांचं श्रेय कैक वर्षं एकट्या लुई टिफनीला मिळत होतं. क्लारा ड्रिस्कॉल या त्याच्याकडच्या महिला काचकापणी विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांची पत्रं सापडली आणि २००७ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या प्रदर्शनात उघड झालं की विस्टेरिया आणि चतुर यांच्या नक्षीचे ते प्रसिद्ध दिवे त्यांच्या कल्पनेतून आलेले होते. घरी हे काम करणाऱ्यांसाठी एक सूचना: शिसं विषारी आहे. जेवणाच्या टेबलावर झाळकाम करू नये, लहान मुलं आसपास नसावीत, खिडकी उघडी असावी आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. शिसंविरहित सोल्डर मिळतं. ते थोडं हट्टी असतं, पण घरासाठी तेच बरं.

फ्यूजिंग, म्हणजे काचेचे तुकडे एकावर एक रचून भट्टीत एकजीव करणं, हे तुलनेने निवांत काम. रचना करायची, भट्टीचं झाकण लावायचं, तापमानाचा आराखडा यंत्रात भरायचा आणि आपण झोपायला जायचं. ७४०च्या आसपास तुकडे एकमेकांना धरतात पण उंचसखलपणा राहतो. ८००च्या पुढे सगळं सपाट होतं. आणि तीच तयार चकती पुन्हा ६५० ते ६८० अंशांना साच्यावर ठेवली की स्वतःच्या वजनाने वाकून वाटी होते. यात एक गंमत आहे. पूर्ण वितळलेल्या काचेला साधारण सहा मिलिमीटर जाडीचं होऊन बसायला आवडतं. तीन मिलिमीटरचा एकच थर ठेवला तर तो कडेने आकसून गोळा होतो. चार थर रचले तर पसरून वाहतो. म्हणून दोन थरांचा नियम. कुंभारकामाच्या स्टुडिओतली भट्टी यासाठी वापरता येते, मात्र तिच्या तारा बहुधा भिंतींत असतात, तर काचेच्या भट्टीच्या झाकणात. कडा आधी तापून काच तडकू नये म्हणून अशा भट्टीत चढण फार सावकाश ठेवावी लागते. खिडकीची साधी काच वापरणाऱ्यांनी आणखी एक जाणून घ्यावं: पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केलेल्या पद्धतीने ही काच वितळलेल्या कथलावर तरंगत तयार होते, आणि तिच्या एका बाजूला कथलाचा अदृश्य अंश राहतो. ती बाजू वर आली तर भाजल्यावर कधीकधी धुरकट पापुद्रा दिसतो.

ज्योतीवरचं काम मला स्वतःला सगळ्यांत शिकण्याजोगं वाटतं, कारण इथे काच डोळ्यांसमोर बदलते आणि लगेच जाब विचारते. स्टीलच्या बारीक सळईला पांढऱ्या मातीचं पातळ लुकण लावून वाळवतात, नाहीतर मणी सळईवरून निघतच नाही. डाव्या हातात सळई, उजव्या हातात काचेची कांडी. कांडीचं टोक ज्योतीत लोंबू लागलं की ते सळईला टेकवून सळई फिरवायची. काच तिच्याभोवती गुंडाळली जाते. मग फक्त फिरवत राहायचं. फिरणं थांबलं की मणी खालच्या बाजूला लोंबतो. दोन्ही हातांनी वेगवेगळ्या गतीने, न बघता फिरवत राहणं हीच पहिल्या काही आठवड्यांची साधना. बोटांना ते एकदा कळलं की गोल मणी गुरुत्वाकर्षणच करून देतं. काचेतला सोडियम ज्योतीत भडक पिवळा उजेड फेकतो आणि त्यात काम दिसेनासं होतं. म्हणून डिडिमियमचा चष्मा घालतात. तो नेमका तेवढाच पिवळा गाळतो आणि निळसर ज्योतीत काच स्वच्छ दिसू लागते. पहिल्यांदा तो चष्मा लावणारा माणूस हमखास तो काढून पुन्हा लावून पाहतो.

यातले काही दुर्लक्षित गुरू आपल्या आसपास आहेत. अनेक विद्यापीठांच्या आणि आयआयटींच्या रसायनशास्त्र विभागांत ग्लास ब्लोइंगचा एक कोपरा असतो. तिथला कारागीर बोरोसिलिकेटच्या नळ्या ज्योतीत फिरवून कंडेन्सर, टी-जोड, स्टॉपकॉक तयार करतो किंवा मोडलेले सांधतो. नळीला नळी सरळ रेषेत, भिंतीची जाडी न बिघडवता जोडणं हे कुठल्याही फुलदाणीपेक्षा अवघड. कलेच्या वर्गांना हे लोक दिसत नाहीत आणि त्यांना कुणी कलाकार म्हणत नाही.

मण्यांच्या बाबतीत आपला देश तर मूळ पीठच आहे. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला ज्योतीवर गुंडाळून मणी करणारी कुटुंबं आहेत. आंध्रातल्या पापानायडुपेटची तऱ्हा निराळी. तिथे मणी एकेक करत नाहीत, नळी ओढतात. भट्टीत लोखंडी पोकळ नळीवर, जिला लाडा म्हणतात, काचेचा मोठा शंकू चढवतात. त्याला आरपार भोक पाडतात. आणि टोकाला आकडी लावून समोरच्या बाजूने बारीक पोकळ काचनळी हाताने सलग ओढत राहतात. ती थंड झाली की तुकडे करायचे, बारीक चिरायचे, आणि राखेत घोळवून पुन्हा तापवायचे, म्हणजे कडा गोल होतात आणि भोकं बुजत नाहीत. पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूला, जिथे मॉर्टिमर व्हीलरने १९४५ साली उत्खनन केलं, अशाच ओढीव मण्यांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा उद्योग सापडला. हे मणी आफ्रिकेपासून पूर्वेच्या बेटांपर्यंत मिळतात, म्हणून मण्यांचे अभ्यासक पीटर फ्रान्सिस यांनी त्यांना ‘इंडो-पॅसिफिक’ नाव दिलं. महाराष्ट्राचं खातं बांगड्यांचं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात बहमनी काळातल्या बहुरंगी काचेच्या बांगड्या मिळाल्या, तशाच नेवाशालाही. डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी १९६९ साली भारतीय काचेचा इतिहास इंग्रजीत लिहिला. काच शिकणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक शोधून चाळावं.

मोठ्या भट्टीवरचं फुंककाम घरी होत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. भट्टी ११०० अंशांच्या वर रात्रंदिवस जळत ठेवावी लागते. फुंकणीच्या टोकावर काच गोळा करून आणायची, फिरवायची, ओल्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर, थेट तळहाताने, आकार द्यायचा. (वर्तमानपत्राचा इतका प्रामाणिक उपयोग दुसरीकडे क्वचित होतो.) फुंकताना गाल फुगवणारा माणूस नवखा समजावा. जाणकार एक हलकी फुंकर घालून फुंकणीचं तोंड अंगठ्याने बंद करतो. आत अडकलेली हवा तापून फुगते आणि काच आपोआप फुलते. हे काम एकट्याने होत नाही. एक फुंकतो, दुसरा काच आणतो, तिसरा दार उघडतो. सगळ्या जगाला ठाऊक झालेला काचशिल्पकार डेल चिहुली याने १९७६ च्या मोटार अपघातात एका डोळ्याची दृष्टी गमावली आणि त्यानंतर काही वर्षांत त्याने स्वतः फुंकणं सोडलं. त्याची शिल्पं तेव्हापासून त्याच्या चमूच्या हातून घडली.

ही विद्या बाहेर जाऊ नये म्हणून काय काय केलं गेलं! व्हेनिसच्या सत्तेने १२९१ साली सगळ्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. कारण आगीच्या भीतीचं, पण बेटावरच्या कारागिरांवर नजर ठेवणंही सोपं झालं. तरीही फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने १६६५ मध्ये मुरानोचे आरसेवाले फोडून नेलेच. कलाकाराने स्वतःच्या स्टुडिओत काच वितळवावी ही कल्पना मात्र अगदी कालची आहे. १९६२ साली अमेरिकेत टोलेडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारात, कुंभारकामाचे प्राध्यापक हार्वी लिटलटन यांनी एक कार्यशाळा घेतली. पहिली वितळणी फसली. डॉमिनिक लबिनो या काचतंत्रज्ञाने भट्टीची रचना बदलायला लावली आणि फायबरग्लाससाठी बनवलेल्या सहज वितळणाऱ्या काचेच्या गोट्या पुरवल्या. काच वितळली, पण फुंकता कुणाला येत होतं? लिबी काच कारखान्यातून निवृत्त झालेल्या हार्वी लीफग्रीन यांनी फुंकणी हातात घेऊन दाखवलं. प्राध्यापक, कलाकार आणि तंत्रज्ञ यांच्यात फुंकून दाखवणारा तो एक कामगार होता, आणि स्टुडिओ ग्लासच्या चळवळीच्या इतिहासात त्याला अर्धी ओळ मिळते.

आपल्याकडे याच्या कितीतरी आधी, वेगळ्या हेतूने, काच शिकवायचा प्रयत्न झाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा केला, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं, आणि या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तज्ज्ञ म्हणून होते. माल विकणं हा अर्धा भाग. तरुणांना भट्टीवर उभं करून धंदा शिकवणं हा दुसरा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. त्याच स्वदेशीच्या हवेत पुढे कराडजवळ ओगलेवाडी वसली आणि तिथला प्रभाकर कंदील घराघरांत गेला. मात्र कंदिलाच्या काचेपलीकडे, कलेच्या अंगाने, ती विद्या आपण पुढे नेली नाही. कारखाने बसले तशी भट्टीवर उभी राहणारी माणसं पांगली.

फिरोजाबादला भट्ट्या टिकल्या, पण तिथली विद्या तुकड्यातुकड्यांत विभागलेली आहे. भट्टीवर फिरत्या रुळावर काचेचा धागा गुंडाळून लांबच लांब वेटोळं होतं, ते चिरून उघड्या तोंडाची कडी निघतात, मग ती गठ्ठ्यांनी घरोघर जातात. कुणी त्यांची वाकडी तोंडं सपाट करतं, ती सदाई. कुणी छोट्या ज्योतीवर तोंडं जोडतं, ती जुडाई. हे घरातलं काम बहुतांश बायका करतात. एक बांगडी कित्येक हातांतून जाते आणि संपूर्ण बांगडी करता येणारा माणूस सापडणं कठीण. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर ताजमहालाच्या परिसरातले कोळशाचे उद्योग गॅसवर गेले, त्यात फिरोजाबादही होतं.

एखादी विद्या एकाच गावात तगून राहते, म्हणजे काय होतं? गुजरातमधलं कपडवंज पाहा. भरतकामातल्या आभल्यांचे आरसे तिथे होत. कारागीर काचेचा मोठा पातळ गोळा फुंकून, त्यात वितळलेलं शिसं फिरवून आतून आरसा चढवत आणि मग गोळा फोडून त्याचे तुकडे करत. डेन्मार्कचे दोन अभ्यासक, यान कॉक आणि टॉर्बेन सोडे, त्यांच्याकडच्या उत्खननात मिळालेल्या मध्ययुगीन छोट्या आरशांचं कोडं सोडवत होते. ते कसे बनवले असतील याचं उत्तर त्यांना कपडवंजच्या भट्टीवर मिळालं, आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. आजीच्या पेटीत जुन्या कच्छी भरतकामाचा कपडा असेल तर त्यातलं आभलं बोटाने चाचपून पाहा. यंत्राच्या सपाट तावातून कातरलेलं असेल तर ते एका दिशेलाच चमकतं. फुंकलेल्या गोळ्याचा तुकडा असेल तर बोटाला पुसट गोलाई लागते, आणि कपडा कसाही हलवला तरी त्यातला एखादा तरी तुकडा उजेड पकडतो.